कुत्र्याची केमो चालू असताना घरी काय सांभाळायचं: उलटी, ताप, ग्लोव्हज आणि बाकी सगळं

कुत्र्याला कॅन्सर आहे असं कळलं आणि व्हेटने केमोचं नाव काढलं की डोळ्यासमोर माणसांची केमो येते, गेलेले केस, उडालेली भूक, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि बरेच जण तिथेच "नको, मुक्या जिवाला कशाला छळायचं" म्हणून विषय बंद करतात. तसं वाटणं साहजिक आहे. पण कुत्र्यांच्या केमोचा हिशोब वेगळा असतो. माणसाचा आजार मुळापासून घालवायचा म्हणून त्याला सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस देतात, कुत्र्याला मुद्दाम कमी देतात, कारण इथे पूर्ण बरं करण्यापेक्षा राहिलेले दिवस चांगले जावेत हा हेतू असतो. म्हणून बहुतेक कुत्र्यांना एक तर फारसं काही होत नाही किंवा दोन-तीन दिवस पोट बिघडतं आणि मग गाडी रुळावर येते. लिम्फोमाचंच, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचंच घ्या, काहीच उपचार केले नाहीत तर साधारण ४ ते ६ आठवडे हातात असतात, आणि बी-सेल प्रकारात चार औषधांचा कोर्स नीट लागू पडला तर सरासरी वर्षभर मिळतं आणि त्यातला बराच काळ कुत्रा खात-खेळत असतो.

अ‍ॅडमिट करावं लागेल असा त्रास थोड्याच कुत्र्यांना होतो. पण त्या थोड्यांत आपलाही असू शकतो, आणि तो ओळखायचा कोणी, तर घरातल्या माणसाने, कारण व्हेट आठवड्यातून एकदा बघणार आणि आपण चोवीस तास. माझं स्पष्ट मत असं की लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात. उलटी डोळ्याला दिसते म्हणून सगळे तिला घाबरतात, खरं घाबरायचं ते तापाला, जो दिसत नाही आणि उलटीचा त्रास संपून आपण निवांत झालो की मग येतो.

सगळ्यात आधी कॅलेंडर

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण आतड्याचं अस्तर, हाडांतली मज्जा जिथे रक्त तयार होतं, आणि काही जातींत केसांची मुळं हीपण तशीच, त्यामुळे त्यांनाही फटका बसतो. आणि प्रत्येकाचा फटका वेगवेगळ्या दिवशी दिसतो, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी धावपळ वाचते.

ज्या दिवशी केमो दिली तो दिवस शून्य धरा. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नुसती मळमळ असू शकते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात आतड्याचं अस्तर सोललेलं असतं, म्हणजे उलटी, जुलाब, न खाणं हे तेव्हाचं. मग सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, हा खरा धोक्याचा काळ, आणि कार्बोप्लॅटिन नावाचं औषध असेल तर तो आणखी पुढे, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत सरकतो. तुमच्या औषधाचा तळ कुठल्या दिवशी येतो हे व्हेटला विचारून घ्या आणि त्या तारखांवर लाल पेनाने गोल करा. शेजारीच रोजच्या चार गोष्टी लिहायच्या, किती खाल्लं, शी कशी झाली, उलटी किती वेळा आणि अंगात उत्साह कितपत. पुढच्या व्हिजिटला व्हेट विचारतात "मागच्या वेळी कसा होता" तेव्हा "ठीक होता हो" या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो, तारखेसकट लिहिलेलं असलं की डोस ठरवायला कामाला येतं.

पहिल्या डोसच्या आधी विचारून ठेवायचं

पहिलं म्हणजे औषधाचं नाव. "केमो" हे एक औषध नाही. व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, लोमस्टीन, प्रत्येकाची खोड वेगळी, आणि लिम्फोमाच्या कोर्समध्ये तर आठवड्या-आठवड्याला औषध बदलतं. त्यामुळे दर वेळी "आज कुठलं दिलं" हे विचारून कॅलेंडरवर लिहा.

दुसरं, जात. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या मिश्र पिल्लांमध्ये एमडीआर-१ नावाच्या जीनमध्ये बिघाड असू शकतो, मग व्हिन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं शरीरातून नीट बाहेर पडत नाहीत आणि नेहमीचा डोससुद्धा झेपत नाही. रक्ताची किंवा गालाच्या आतून काडी फिरवून घेतलेल्या नमुन्याची टेस्ट होते, ती केमोच्या आधीच करून घ्यायची. याच कुत्र्यांना जुलाबावरची लोपेरामाइडची गोळीही घातक ठरू शकते, जी बऱ्याच घरांत औषधाच्या डब्यात पडलेली असते. कुत्रा कुठल्या मिश्रणाचा आहे तेच माहीत नसेल तरी व्हेटला टेस्टबद्दल विचारायला काही जात नाही.

तिसरं, हृदय. डॉक्सोरुबिसिन मिळणार असेल आणि कुत्रा डॉबरमन, बॉक्सर किंवा ग्रेट डेन असेल, किंवा आधीच हृदयात मर्मर (ठोक्यांसोबत येणारा वेगळा आवाज) असेल तर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. या औषधाचा हृदयावरचा परिणाम साठत जातो म्हणून आयुष्यभरात मिळून साधारण ५-६ डोसच्या पुढे सहसा जात नाहीत.

आणि रात्रीचं काय, हे विचाराच. रात्री दोन वाजता ताप निघाला तर कुठे न्यायचं, तिथे सलाईन आणि इंजेक्शनची सोय आहे का, फोन कोण उचलणार. हे आधी ठरलेलं नसेल तर त्या रात्री डोकं चालत नाही.

केमोच्या आधीचे दोन-तीन दिवस घरी त्याचा नॉर्मल ताप बघून ठेवा, वजन करून ठेवा, आणि गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजून ठेवा. नॉर्मल काय ते माहीत असेल तरच बिघडलेलं कळतं.

पोटाचे दिवस

कुत्र्याला मळमळतंय हे उलटीच्या बरंच आधी कळतं, फक्त बघायला पाहिजे. सारखे ओठ चाटतो, लाळ गळते, रिकामं गिळत राहतो, गवत खायला ओढतो, भांड्यापाशी येतो, वास घेतो आणि तोंड फिरवून निघून जातो. हे शेवटचं दिसलं की लोक म्हणतात "नखरे करतोय" आणि समोर पाच प्रकारचं खाणं मांडतात. ते करू नका. मळमळत असताना जे नाकाखाली येतं त्याचा कुत्र्याला तिटकारा बसू शकतो, म्हणजे त्याचं सगळ्यात आवडतं खाणं तुम्ही नेमकं त्या दिवशी पुढे केलंत तर बरा झाल्यावरही तो ते नाकारू शकतो. आधी मळमळ थांबवायची, मग खाणं.

मळमळीवर मॅरोपिटंट हे कुत्र्यांसाठीचं औषध आहे, दिवसातून एकदा देतात, आणि बरेच व्हेट केमोनंतर ४-५ दिवस ते आधीपासूनच चालू ठेवायला सांगतात. तुमच्या व्हेटने दिलं नसेल तर "घरी ठेवायला द्या" म्हणून मागून घ्या, कारण उलटी सुरू झाल्यावर पोटात गोळी टिकवणं अवघड जातं. नुसत्या मॅरोपिटंटने भागलं नाही तर जोडीला ऑन्डान्सेट्रॉन देतात. भूक वाढवायची औषधंही असतात पण ती मळमळ गेल्यावरची गोष्ट.

खाण्याचं साधं ठेवा. उकडलेलं चिकन आणि मऊ भात, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि किंचित कोमट करून, कारण कोमट अन्नाचा वास जास्त येतो आणि कुत्रा वासावर जेवतो. मीठ-मसाला, तेल, कांदा-लसूण काही नाही. कच्चं मांस आणि कच्ची अंडी या काळात बंद, एरवी तुम्ही देत असलात तरी. जबरदस्तीने तोंडात कोंबायचं नाही. दिवसभर कमी खाल्लं तर आभाळ कोसळत नाही, पाणी मात्र पोटात टिकलं पाहिजे. भांडंभर पाणी गटागट पिऊन ओकत असेल तर थोडं थोडं ठेवा किंवा बर्फाचे तुकडे चाटू द्या.

जुलाब झाले तर व्हेट मेट्रोनिडाझोल किंवा प्रोबायोटिक देतात, ते त्यांना विचारून. व्हिन्क्रिस्टीनचं उलटं आहे, त्याने आतडं सुस्त पडतं आणि शी अडकते, पोट फुगल्यासारखं वाटतं, तेव्हा जुलाब नाहीत म्हणजे सगळं छान असं समजू नका.

फोन कधी करायचा: दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, चोवीस तास काहीच न खाणं, पाणीही न टिकणं, उलटीत किंवा शीत रक्त, डांबरासारखी काळी शी, किंवा जुलाब दोन दिवसांनंतरही तसेच. उलटी एकदाच झाली पण कुत्रा एकदम गळून गेलाय, तरीही करा. आणि माणसांची पेनकिलर, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, यातलं काही म्हणजे काही स्वतःहून द्यायचं नाही. स्टेरॉइड चालू असताना आयब्युप्रोफेनसारखी गोळी गेली तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

ताप, म्हणजे मुख्य मुद्दा

पाचवा-सहावा दिवस उलटला, कुत्रा जेवायला लागला, शेपूट हलायला लागली, घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि नेमकं इथून पुढे लक्ष ठेवायचं असतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, कुत्र्यात त्या नॉर्मली मायक्रोलिटरमागे साधारण ३,००० च्या वर असतात, आणि केमोनंतर आठवड्याभराने त्या खाली येतात. १,००० च्या खाली गेल्या तर ताप नसला तरी व्हेट सहसा आधीच अँटिबायोटिक सुरू करतात. तळाच्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, करायला बोलवलं असेल तर "दिसायला तर मस्त आहे" म्हणून ती टाळू नका, त्या टेस्टवरच पुढचा डोस ठरतो. पुढच्या डोसच्या दिवशीही आधी सीबीसी होते आणि न्यूट्रोफिल दीड-दोन हजारांच्या खाली असतील तर डोस पुढे ढकलतात. त्याने काही बिघडत नाही, घाई करू नये.

आता ताप कसा बघायचा. नाक गरम आहे की ओलं आहे यावरून काही कळत नाही, कान चाचपूनही नाही. साधा डिजिटल थर्मामीटर फक्त कुत्र्यासाठी वेगळा ठेवा, टोकाला व्हॅसलिन लावा, एकाने कुत्र्याला उभं धरून बोलण्यात गुंतवायचं, दुसऱ्याने शेपूट हलकेच वर करून गुदद्वारात साधारण एक इंच आत घालायचा आणि बीप वाजेपर्यंत धरायचा. पहिल्यांदा दोघांनाही लाज वाटते, मग सवय होते. शांत असताना बघा, पळून आला असेल किंवा पाहुणे आल्यावर उड्या मारल्या असतील तर अर्धा तास थांबा. गोल केलेल्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ बघायचं, शिवाय कधीही मलूल वाटला तर लगेच.

कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, आपल्यापेक्षा जास्तच. १०३ म्हणजे ३९.४ किंवा वर गेला आणि केमोला आठवडाभर झालेला आहे, तर ही इमर्जन्सी. सकाळपर्यंत थांबायचं नाही, ओल्या फडक्याने पुसत बसायचं नाही, तापाची गोळी तर अजिबात नाही, गाडी काढायची. जाताना फोन करून सांगा "केमोवरचा कुत्रा आहे, अमुक तारखेला अमुक औषध दिलंय, आज इतका ताप आहे", म्हणजे तिथे पोचल्यावर रांगेत बसवत नाहीत. शिरेतून सलाईन आणि अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं तर बहुतेक कुत्रे दोन-तीन दिवसांत घरी येतात. उशीर झाला तर जंतू रक्तात पसरतात आणि मग तासातासाला परिस्थिती बिघडते.

एक पोटकलम. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबून राहू शकतो. म्हणून थर्मामीटर १०२ दाखवतोय पण कुत्रा उठत नाही, हिरड्या फिक्या किंवा लालभडक झाल्यात, थरथरतोय, धापा टाकतोय, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. ९९ च्या खाली उतरला असेल तर तेही वाईट लक्षण.

हे जंतू येतात कुठून, तर बहुतेक वेळा त्याच्याच आतड्यातून, सोललेल्या अस्तरातून रक्तात शिरतात. त्यामुळे कुत्र्याला खोलीत कोंडून ठेवणं, कोणाला हात लावू न देणं याची गरज नसते. त्या चार-पाच दिवसांत अनोळखी कुत्र्यांचा घोळका, बोर्डिंग, ग्रूमिंग सलून, दातांची सफाई टाळा, बाकी नेहमीच्या रस्त्यावर पट्ट्याने फिरवायला हरकत नाही. लस द्यायची वेळ आली असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारा. गोचीड-पिसवांचं औषध चालू ठेवा, त्यात खंड नको.

प्लेटलेट्सही कमी होतात, त्याची खूण पोटाच्या उघड्या त्वचेवर किंवा हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त, विनाकारण काळंनिळं होणं. दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

औषधागणिक वेगळ्या खोड्या

सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला जाळतं. शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते लघवीत साठून आतल्या अस्तराला भाजतं, म्हणून लघवी जितकी कमी वेळ आत राहील तितकं बरं. गोळी सकाळी द्या, दिवसभर पाणी भरपूर, दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या, झोपायच्या आधी एकदा नक्की. बरेच डॉक्टर सोबत फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, देतात ते याचसाठी. कुत्रा सारखा सारखा बसतोय, थेंब थेंब होतंय, रक्त आहे, तर पुढची गोळी देऊ नका आणि फोन करा. दिसतं अगदी युरिन इन्फेक्शनसारखं पण जंतू नसतात, औषधच बदलावं लागतं.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं आणि दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर-नारिंगी दिसू शकते, ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. त्यानंतरही लाल दिसली तर मात्र तपासायला हवी. हे औषध आणि व्हिन्क्रिस्टीन शिरेच्या बाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं. व्हेट काळजी घेतातच, तरी घरी आल्यावर पायाला जिथे सुई लावली होती ती जागा रोज बघा, आठवडा-दोन आठवड्यांनीसुद्धा जखम उमटू शकते. लाली, सूज, किंवा कुत्रा तीच जागा सारखी चाटतोय, तर चाटता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालून लगेच घेऊन जा. हृदयासाठी तो झोपेतला श्वास मोजत राहा, मिनिटाला ३० च्या वर सतत जायला लागला, खोकला आला, चालताना बसायला लागला तर सांगा, आणि हे डोस संपून काही महिने झाल्यावरही होऊ शकतं.

लोमस्टीन लिव्हरवर जातं, प्रत्येक डोसआधी लिव्हरची टेस्ट हवी. टोसेरानिब या कॅन्सरच्या औषधाच्या गोळ्यांनी जुलाब आणि लंगडणं होतं, लघवीत प्रोटीनही जाऊ शकतं. प्रेडनिसोलोनने तहान, भूक आणि शू तिन्ही वाढतात, रात्री घरात होईल, रागवू नका, अंथरुणाखाली प्लास्टिक घाला.

लिम्फोमाच्या गाठी खूप मोठ्या असतील तर पहिल्या डोसनंतरच्या एक-दोन दिवसांत एकाच वेळी खूप पेशी मरून रक्तातली क्षारांची पातळी बिघडू शकते, कुत्रा अचानक कोसळतो. क्वचितच होतं, पण म्हणून पहिल्या डोसनंतर त्याला एकटं ठेवून दिवसभर बाहेर जाऊ नका.

घरातल्या माणसांसाठी

औषधाचा अंश शी, शू आणि उलटीतून बाहेर येतो. डोसनंतर किमान ७२ तास हे सगळं ग्लोव्हज घालून उचला, डबल पिशवीत बांधा, फरशी टिश्यूने टिपून मग साबणाने धुवा, पाइपच्या जोरदार धारेने नको कारण तुषार उडतात. घाण झालेल्या चादरी वेगळ्या, दोनदा धुवायच्या. शू करायला मुलं खेळतात तिथे न नेता एका कोपऱ्यात न्या आणि वरून पाणी ओता. गोळ्या घरी द्यायच्या असतील तर ग्लोव्हजशिवाय हात लावायचा नाही, तोडायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत, कॅप्सूल उघडायची नाही, आणि रोजची गोळी असेल तर ही काळजीही रोजची. घरात कोणी गरोदर असेल, बाळाला पाजत असेल, मूल व्हायचा विचार असेल किंवा स्वतः आजारी असेल तर त्यांना या कामातून पूर्ण बाजूला ठेवा. दुसरं कुत्रं-मांजर असेल तर त्याला ओकारी चाटू देऊ नका.

कुरवाळायला, जवळ घेऊन झोपायला काहीच हरकत नाही. फक्त तेवढे दिवस तोंड चाटू देऊ नका.

केसांची काळजी कमीच करा. बहुतेक कुत्र्यांचे जात नाहीत, मिशा गळतात आणि जिथे भादरलंय तिथे उशिरा येतात. पूडल, शिट्झू, माल्टीज, ज्यांचे केस सारखे वाढतात आणि कापावे लागतात, त्यांचे विरळ होतात, कोर्स संपल्यावर परत येतात, कधी रंग बदलून.

डोस कमी करायला सांगा

एखादा डोस जड गेला तर ते सहन करत बसायचं नसतं. डॉक्टर पुढचा डोस कमी करू शकतात, अंतर वाढवू शकतात, औषध बदलू शकतात, आणि लोक हे मागायला लाजतात कारण वाटतं की डोस कमी केला म्हणजे कॅन्सर जिंकला. ज्या उपचाराचा हेतूच चांगले दिवस देणं हा आहे तिथे वाईट दिवसांचा ढीग साठवून काय करायचं? गूळवेल, हळदीच्या कॅप्सूल, अँटिऑक्सिडंट असलं काही कोणी सुचवलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका, काही गोष्टी केमोच्या कामातच आड येऊ शकतात.

कधी थांबायचं हा प्रश्न येतोच. अमेरिकन कॅन्सर-व्हेट डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आहे, वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा मार्क द्यायचे (दहा म्हणजे सगळ्यात चांगलं, वेदनेतही), एकूण ३५ च्या वर असेल तर जगणं ठीक चाललंय असं धरतात. केमोच्या वाईट दिवशी भरू नका, दोन डोसच्या मधल्या चांगल्या दिवशी भरा, आणि घरातल्या दोघांनी वेगवेगळं भरा, फरक पडतो. मधल्या दिवसांचे मार्कही सलग खाली येत असतील तर केमो थांबवून फक्त आराम देणारी औषधं चालू ठेवता येतात, आणि लिम्फोमात नुसत्या प्रेडनिसोलोनवरही काही आठवडे बरे जातात. पण केमो थांबवायची ठरली तरी प्रेडनिसोलोन एका दिवसात तोडू नका, बरेच दिवस चालू असेल तर ते हळूहळूच उतरवावं लागतं, कसं ते डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या.